मेथी कधी पेरायची? नाशिकच्या थंडीचं गणित

हल्ली लेट्युस, केल, विलायती पालक यांच्या बियाण्याची पाकिटं ऑनलाइन मागवली की मागच्या बाजूला हमखास एक सूचना असते: 'शेवटच्या हिमाच्या तारखेआधी चार ते सहा आठवडे पेरा.' हिम म्हणजे इथे पहाटे गोठलेलं दव, बर्फवृष्टी नव्हे. आता ही तारीख नाशिककराने शोधायची कुठे? पंचांगात ती नसते, रोजच्या हवामानाच्या बातमीतही नसते. बियाण्याच्या दुकानात विचारावं तर "टाका हो बिनधास्त, थंडीच चालू आहे" एवढंच उत्तर मिळतं. दुकानदाराचं तसं फार चुकत नाही. ती सूचना ज्या मुलखासाठी लिहिलेली असते तिथे हिवाळ्यात जमीन गोठते, महिनोन् महिने शेत बंद असतं आणि वसंतात कधी एकदा पेरता येईल याची वाट बघितली जाते. तिथल्या जुन्या नोंदी चाळून वसंतातलं शेवटचं हिम साधारण कधी पडतं आणि शरदातलं पहिलं कधी, याच्या सरासरी तारखा काढतात. या दोन तारखांच्या मधला काळ म्हणजे त्यांचा हंगाम.

आपल्याकडे सगळं उलटं. आपला पालेभाजीचा खरा हंगाम थंडीतच. मेथी, कोथिंबीर, पालक, शेपू, चाकवत, करडई, चुका ही मंडळी ऑक्टोबर ते फेब्रुवारीत जी तरारतात तशी बाकी वर्षात कधी दिसत नाहीत. आणि हिम? नाशिक शहरात राहणाऱ्या कित्येकांनी ते उभ्या आयुष्यात पाहिलेलं नसेल. नाशिक जिल्ह्यातल्याच निफाडकडच्या माणसाला विचारा, तो सांगेल की डिसेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत एखाद-दुसऱ्या पहाटे दव गोठतं, एखाद्या वर्षी चार-पाच पहाटे, आणि एखादं वर्ष तसंच कोरडं जातं. जी गोष्ट काही वर्षी घडतच नाही तिची सरासरी तारीख काढून हाती काय लागणार?

म्हणून नाशिकमध्ये पाकिटामागची तारीख शोधत बसू नये. थंडी भाजीला नेमकं काय करते ते समजलं की पेरणीची तारीख आपली आपल्याला काढता येते. थंडी तीन गोष्टी करते. वाढ मंदावते, हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात दुर्लक्षित. एखाद्या रात्री पानं जाळते, याची बातमी होते म्हणून त्याचीच जास्त चर्चा. आणि तिसरं म्हणजे काही भाज्यांना ती आतून सांगून ठेवते की आता फुलावर या. ते कळतं थंडी सरल्यावर.

एकाच मेथीला कधी चार आठवडे, कधी साडेपाच

मेथी किती दिवसांत येते, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: पंचवीस-तीस दिवस. ऑक्टोबरात हे खरं आहे. डिसेंबरात पेरलेली मेथी मात्र तेवढ्या दिवसांत जुडी बांधण्याजोगी होत नाही, आणि मग माणूस बियाण्याला किंवा खताला दोष देतो. दोष कोणाचाच नसतो. झाड दिवस मोजत नाही, ऊब मोजतं.

हा हिशेब सोपा आहे. दिवसाचं कमाल आणि किमान तापमान मिळवा, दोनाने भागा, सरासरी निघाली. त्यातून पिकाचं 'पायाचं तापमान' वजा करा, म्हणजे ज्याच्या खाली त्या पिकाची वाढ जवळजवळ थांबते ते. थंडीतल्या पालेभाज्यांसाठी हे ढोबळमानाने ५ अंश धरू. जे उरलं ते त्या दिवसाचं एकक. शेतीशास्त्रात याला उष्णता एककं म्हणतात. अशी एककं साठत साठत ठरावीक आकड्याला पोचली की पीक तयार.

नाशिकचा ऑक्टोबर घ्या. दुपारी ३२, पहाटे १८, सरासरी २५. त्यातून ५ गेले, रोजची २० एककं. मेथी २८ दिवसांत आली तर तिला लागली ५६० एककं. आता हेच माप घेऊन पुढच्या महिन्यांत जा. नोव्हेंबरात रोज साडेसतराच्या आसपास, डिसेंबरात १५, जानेवारीत साडेचौदा, फेब्रुवारीत पुन्हा १७, मार्चमध्ये २१. आकडे गोळाबेरजेचे आहेत, दरवर्षी थोडे इकडेतिकडे होणार, पण चित्र स्पष्ट होतं. १ नोव्हेंबरला पेरलेली मेथी ३ डिसेंबरच्या सुमारास निघते, म्हणजे ३२-३३ दिवस. १ डिसेंबरची निघते ७ जानेवारीला, ३७-३८ दिवस. थंडीची लाट आली, दुपारी २५ आणि पहाटे ५ असे आकडे झाले, की रोजची एककं एकदम १० वर येतात. अशी लाट आठवडाभर टिकली तर काढणी आणखी दोन दिवस पुढे सरकते. उगवणीला लागणारा उशीर वेगळाच.

या हिशेबाचा व्यवहारात उपयोग बघा. भोगी साधारण १३ जानेवारीला येते. त्या आठवड्यात भाजीला गिऱ्हाईक असतं, आणि मेथी त्याच सुमाराला बाजारात न्यायची आहे. 'महिन्याचं पीक' म्हणून कोणी १३ डिसेंबरला पेरलं तर भोगी होऊन संक्रांत जाईल तरी मेथी वाफ्यातच असेल. उलट मोजत आलं तर पेरणी ५-६ डिसेंबरला पडते, आणि मधे एखादी लाट येणार हे धरलं तर २ ते ४ डिसेंबरला. आठ-दहा दिवसांचा हा फरक घरच्या कुंडीत कोणाला जाणवणार नाही. ज्याची गाडी संध्याकाळच्या लिलावाला जाते त्याला तो लगेच जाणवतो, कारण शेकडा जुड्यांचा भाव आज एक आणि चार दिवसांनी भलताच.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते, आणि माझ्या मते ती सगळ्यात कामाची आहे. भाजी सतत मिळावी म्हणून आपण टप्प्याटप्प्याने पेरतो. दर दहा दिवसांनी एक वाफा, असं साधं वेळापत्रक. ते ऑगस्टमध्ये ठीक चालतं. थंडीत मात्र पेरणीतलं अंतर आणि काढणीतलं अंतर सारखं राहत नाही. नोव्हेंबर आणि डिसेंबरच्या १ तारखांच्या पेरण्यांत ३० दिवसांचं अंतर, पण त्यांची काढणी ३५ दिवसांच्या अंतराने येते, कारण मागचा वाफा जास्त थंडीत वाढतो. म्हणजे वर्षअखेरीस भाजीत खंड पडतो. जानेवारीत याच्या उलट. १ जानेवारीची मेथी निघते ७ फेब्रुवारीला आणि १ फेब्रुवारीची ४ मार्चला: पेरणीत ३१ दिवस, काढणीत २५. मागून पेरलेलं पुढच्याला गाठायला लागतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळीकडची मेथी-कोथिंबीर एकदमच बाजारात येऊन भाव कोसळतात, त्यामागे लोकांनी जास्त पेरलं एवढंच कारण नसतं. सगळ्यांची भाजी उबेने एकाच वेळी लवकर तयार झालेली असते. यावर उपाय असा की नोव्हेंबरात टप्पे जवळ घ्यावेत, दहाऐवजी सात-आठ दिवसांनी, आणि जानेवारीत लांबवावेत, बारा-तेरा दिवसांनी.

उगवणीचं दुखणं वेगळं

वरचा हिशेब उगवलेल्या रोपाचा. बी जमिनीत असताना गाडी अडते ती धन्याची, म्हणजे कोथिंबिरीच्या बियाची. मेथी थंडीतही आठवडाभरात वर येते. कोथिंबीर चांगल्या उबेत आठ-दहा दिवस घेते आणि गार जमिनीत पंधरा-वीस दिवस दडी मारून बसते. तेवढ्या काळात वाफ्यावर तण माजतं, मुंग्या बी ओढून नेतात, आणि नवखा माणूस बी फुकट गेलं म्हणून वाफा मोडून टाकतो.

धने रगडून पेरतात ते आपल्याला माहीत आहे. एका गोल मण्यात दोन बिया असतात, त्या सुट्या व्हाव्यात म्हणून मणी फोडायचा. रगडताना जोर किती लावायचा हे हाताला कळावं लागतं: फरशीवर किंवा गोणपाटावर धने पसरून वरून फळीने किंवा चपलेच्या तळाने हलकं घासायचं, 'कट' असा बारीक आवाज आला आणि दोन फाका झाल्या की थांबायचं. भुकटी दिसायला लागली तर तो डाव मसाल्याला वापरावा. मग फाका रात्रभर, दहा-बारा तास, पाण्यात. डिसेंबरात हे पाणी कोमट घ्यावं आणि भिजलेलं बी ओल्या फडक्यात बांधून एक-दोन दिवस घरात उबेला ठेवावं. टोक फुटायच्या आत पेरावं, मोड आलेलं बी हाताळताना मोडतं. पेरल्यावर वाफ्यावर गोणपाट अंथरून ठेवलं तर रात्रीची ऊब आणि ओल दोन्ही टिकते. पण पहिला हिरवा ठिपका दिसला की त्याच दिवशी गोणपाट काढायचं, नाहीतर कोंब पिवळे आणि लांबुडके होतात.

माठ, राजगिरा, तांदुळजा, अंबाडी ही मुळात उबेची पिकं आहेत. पंधरा अंशांच्या खालच्या जमिनीत माठाचं बी नीट उगवत नाही, उगवलं तरी चार पानांवर खुरटून बसतं. 'हिवाळा पालेभाज्यांचा' म्हणून जो नोव्हेंबरच्या शेवटी लाल माठ टाकतो, त्याने तो टाकलाच नाही असं समजावं.

थंडीत रोपवाफ्याला पाणी देताना हात आखडता हवा. गार, ओलसर मातीत कोवळी रोपं बुडाशी सडून कोलमडतात, आपण त्याला मर म्हणतो. ऑक्टोबरच्या सवयीने दिलेलं पाणी जानेवारीत जास्तच होतं, कारण झाडही कमी पितं आणि ऊनही कमी ओढतं.

निफाडलाच का गोठतं

महाराष्ट्रातल्या थंडीच्या बातमीत निफाडचं नाव ठरलेलं. तिथला आकडा येतो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातून. डिसेंबर २०१८ मध्ये तिथे पारा २ अंशांच्या खाली उतरला होता. नाशिकची स्वतःची जुनी नोंद याहूनही खालची आहे: ७ जानेवारी १९४५ ला ०.६ अंश. फेब्रुवारी लागला म्हणून निर्धास्त होण्यातही अर्थ नाही, २००८ आणि २०१२ या दोन्ही वर्षी फेब्रुवारीतच मोठ्या लाटा आल्या होत्या.

थंडी येते उत्तरेकडून. हिमालयात पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी ढग-पावसाची प्रणाली, येऊन बर्फ टाकून जातो, आकाश निवळतं आणि तिकडची कोरडी गार हवा खाली उतरत आपल्यापर्यंत पोचते. विक्षोभाचे ढग इकडे आले की थंडी कमी होते आणि ते पुढे सरकले की दोन-तीन दिवसांत पारा धाडकन उतरतो. ढगाळ, उबदार दोन दिवस हा भाजीवाल्यासाठी इशाराच असतो.

पण जिल्हाभर हवा एकच असताना एका शेतात दव गोठतं आणि अर्ध्या किलोमीटरवरच्या शेतात नाही, हे कसं? दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता आकाशात सोडते. ढग असले तर ती काही प्रमाणात परत येते. निरभ्र आकाश, कोरडी हवा आणि वारा पडलेला, अशा रात्री ती जाते ती जातेच. जमिनीलगतची हवा गार होते, गार हवा जड असते, आणि ती उतारावरून पाण्यासारखी वाहत सखल जागी साचते. गोदावरी आणि कादवेच्या खोऱ्यातला निफाडचा उघडा, सपाट, सखल मुलूख म्हणजे अशा हवेचं तळं. नाशिक शहरात सिमेंट-डांबर रात्रभर ऊब सोडत असतं म्हणून तिथला आकडा वर राहतो. तुमच्या शेतातसुद्धा हीच विभागणी असते: ओढ्याकाठचा, बांधाखालचा वाफा आधी जळतो, चढावरचा शाबूत राहतो. पश्चिमेच्या बाजूला गच्च कुंपण किंवा उसाचा फड असेल आणि उतार त्याच बाजूला असेल, तर हवा तिथे अडून तुंबते. कुंपणात खालच्या अंगाला थोडी फट ठेवली तर ती निसटून जाते.

दुसरी गोष्ट आकड्याची. हवामान केंद्राचा तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, पांढऱ्या झडपांच्या पेटीत असतो. तुमची मेथी वीतभर उंच आणि उघड्यावर. शांत, निरभ्र रात्री तिच्या पानाचं तापमान पेटीतल्या आकड्यापेक्षा तीन-चार अंशांनी कमी असू शकतं. म्हणून बातमीत निफाड ४ अंश म्हटलं तरी पानावर पांढरी खडी साखर दिसते. शहरातल्या आकड्यावरून शेताचा अंदाज बांधणारा तर दुहेरी फसतो.

हवामान खात्याची थंडीच्या लाटेची व्याख्याही माहीत असलेली बरी. सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा कमी असेल आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा जास्त खाली गेलं असेल, तर लाट. किंवा ते थेट ४ अंशांवर आलं, तर सरासरी काही असो, लाटच. नाशिकची जानेवारीची सरासरी दहाच्या आसपास धरली तर साडेपाचच्या खाली आकडा आला की लाट जाहीर होऊ शकते. आपल्या वाफ्यासाठी सावध व्हायचा आकडा मात्र मी ६ धरतो, आणि तोही वारा पडला असेल तर. वारा चालू असताना ५ अंशसुद्धा भाजीला बाधत नाही, कारण वरची उबदार हवा खाली मिसळत राहते.

कोणती भाजी किती सोसते

चाकवत आणि पालक चांगले काटक. मेथीही बरीच सोसते, शेंडे जळाले तरी बुडातून सावरते. कोथिंबीर मरत नाही पण रुसते: पानं लालसर-जांभळी होतात. गार जमिनीत मुळांना स्फुरद (फॉस्फरस) नीट उचलता येत नाही आणि पानात तो रंग साठतो, हा रोग नव्हे. शेपू त्याहून नाजूक. माठाचं तर वर सांगितलंच.

झाडालाही थंडीची सवय लागते. रात्री हळूहळू गार होत गेल्या तर पानांत साखर साठते, आणि साखरेचं पाणी साध्या पाण्यापेक्षा उशिरा गोठतं. जानेवारीतला पालक गोडसर लागतो तो यामुळेच. त्याच पालकाला दोन दिवस ढगाळ, उबदार हवा मिळाली आणि तिसऱ्या रात्री पारा उतरला, तर तो एरवी सोसला असता ती थंडीही सोसत नाही. युरिया देऊन लुसलुशीत केलेलं पीक आणखी हळवं. थंडीत मेथी पिवळी दिसली की युरियाचा फेरा मारायची सवय अनेकांना आहे. पण गार जमिनीत नत्राचं रूपांतर करणारे जिवाणूच मंदावलेले असतात. दिलेलं खत पानापर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि पोचतं तेव्हा नेमकं पान कोवळं पडून बसतं. आठ-दहा दिवस थांबा, ऊन वाढलं की पिवळेपणा बहुतेक वेळा आपोआप जातो.

पेरणीची वेळ ठरवताना यातून एक साधा नियम हाती लागतो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे जोखमीच्या रात्री सुरू होतात तेव्हा, रोप एक तर जमिनीखाली असावं किंवा चार-सहा पानांचं, मूळ धरलेलं असावं. दोन पानांवरचं कोवळं पोर त्या आठवड्यात उघड्यावर नको. मेथी-पालक ५ डिसेंबरच्या आत पेरले तर ते तोवर सावरलेले असतात. कोथिंबीर त्याहून आठवडाभर आधी. निफाड, चांदवडच्या सखल भागात १० ते २५ डिसेंबर या काळात मोठी पेरणी मी टाळेन, आणि पुन्हा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापासून धरेन. शहरात, गच्चीवर, हा नियम पाळायची गरज नाही. गच्चीवरच्या कुंड्या भिंतीच्या उबेने तरून जातात, तिथे त्रास असतो तो कुंडीतली थोडीशी माती पहाटे फार गार होण्याचा. कुंड्या एकमेकींना चिकटून, दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीलगत ठेवल्या की पुरे.

त्या रात्री काय करायचं

द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, धूर करतात. धुराने थंडी अडते असा समज पक्का आहे. खरं तर जमिनीतून जाणारी उष्णता अडवायला धुराचे कण फार बारीक पडतात, कामाला येते ती आगीची ऊब आणि तिने हलवलेली हवा. एक मोठा जाळ करण्यापेक्षा दहा लहान शेकोट्या बऱ्या, मोठ्या जाळाची ऊब सरळ वर निघून जाते. पालेभाजीच्या वाफ्यासाठी हा खटाटोप परवडत नाही.

परवडतं ते पाणी. ओली जमीन दिवसा जास्त उष्णता साठवते आणि रात्री वरपर्यंत पोचवते, कोरडी भुसभुशीत जमीन पोचवत नाही. म्हणून लाटेचा अंदाज असेल तर आदल्या दिवशी सकाळीच वाफे भिजवावेत, म्हणजे दुपारचं ऊन त्या ओल्या मातीत शिरेल. विहिरीचं पाणी थंडीत हाताला कोमट लागतं, ते पहाटे चार-पाचला हलकं सोडलं तर तीही ऊब मिळते. आता शेतीची वीज रात्रपाळीची असली की ही गोष्ट आपोआप साधते, फक्त त्यासाठी कोणीतरी कांबळं पांघरून, बॅटरी तोंडात धरून, गुडघाभर गारठ्यात बारे मोडत, म्हणजे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवत, फिरत असतो. कालव्याचं किंवा शेततळ्याचं पाणी मात्र रात्रभर उघड्यावर गार झालेलं असतं, त्याचा हा उपयोग नाही.

लहान वाफ्यावर जुनी साडी किंवा पांढरं आच्छादन कापड काठ्यांवर ताणून टाकावं, संध्याकाळी ऊन उतरायच्या आत. पानाला कापड टेकलं तर टेकलेल्या जागीच पान जळतं. प्लॅस्टिकचा कागद तर आणखी वाईट, तो उष्णता अडवतही नाही आणि सकाळी काढायला विसरलात तर दुपारी भाजी वाफवून निघते.

सगळ्यात थंड वेळ मध्यरात्रीची नसते, सूर्योदयाच्या जरा आधीपासून थोडी नंतरपर्यंतची असते. जानेवारीत नाशिकला सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो, म्हणजे सहा ते साडेसात. त्या वेळी पानं कडक झालेली असतील तर हात लावू नये आणि काढणी तर मुळीच करू नये. गोठलेलं पान वाकवलं की पेशी फुटतात, आणि जुडी बाजारात पोचेपर्यंत काळी पडते. ऊन चढल्यावर पान पाणीदार, गडद हिरवं, शिजल्यासारखं दिसलं तर ते गेलं. नुसतं मान टाकून होतं आणि दहा वाजेपर्यंत उभं राहिलं तर ते वाचलं. जळालेला वाफा लगेच मोडू नका. पालक आणि मेथी यांचा कोंब बुडाशी जिवंत असतो, दोन-तीन दिवसांत नवं पान दिसतं की नाही ते बघा.

थंडी गेल्यावरचा हिशेब

कांदा लावणाऱ्याला डेंगळे माहीत असतात. रोप जरा मोठं असताना त्याला थंडी लागली की त्याला वाटतं हिवाळा उलटला, आता बी धरावं, आणि कांदा पोसण्याऐवजी मधून दांडा वर येतो. पालकाचंही असंच. थोडी मोठी झालेली रोपं डिसेंबर-जानेवारीची थंडी अंगावर घेतात, मग फेब्रुवारीत दुपार तिशीच्या वर गेली आणि दिवस लांबू लागला की दांडा धरतात. आपल्याकडे दिवस फार कमी-जास्त होत नाही. सगळ्यात लहान दिवस ११ तासांच्या जरासा आत, फेब्रुवारीअखेर साडेअकरा-पावणेबारा. त्यामुळे मुख्य ढकलणारी शक्ती ऊन. कोथिंबिरीला तर थंडीची पूर्वतयारीही लागत नाही, ऊन वाढलं की ती सरळ फुलावर येते.

म्हणून नाशिकच्या हंगामाचा शेवट गाठून उलटं मोजायचं असेल तर ते फेब्रुवारीच्या उन्हापासून मोजावं. कोथिंबिरीला थंडीत ४५ दिवस धरले तर शेवटची मोठी पेरणी १० जानेवारीच्या आत उरकलेली बरी. मेथीची २० जानेवारीपर्यंत चालते, शेपूची तेवढ्यातच. पालकाला तीन-चार कापण्या घ्यायच्या असतील तर तो ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पडायला हवा. जानेवारीच्या पालकाने दोन कापण्या दिल्या तरी खूप झालं.

सुरुवातीच्या टोकाला घाई करू नये. पाऊस ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात माघारी फिरतो, पण जाता जाता झोडपून जातो, आणि नोव्हेंबरही नेहमी कोरडा असतोच असं नाही. २६ नोव्हेंबर २०२३ ला नाशिक जिल्ह्यात गारपिटीने द्राक्षबागा झोपवल्या, तिथे पालेभाजीचा काय पाड. ऑक्टोबरची पहिली पेरणी गादीवाफ्यावर करावी, पाणी निचरून जाईल अशी, आणि सगळं बी एका दिवशी टाकू नये.

महाशिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत जाते असं जुनी माणसं सांगतात. हा दिवस फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत कुठेही येतो, त्यामुळे तारीख म्हणून त्याचा भरवसा नाही. पहाटेचा आकडा सलग आठवडाभर पंधराच्या वर राहिला की मेथीच्या रिकाम्या वाफ्यात लाल माठ आणि तांदुळजा टाकायला हरकत नाही. बी बारीक असतं, ते राखेत किंवा वाळूत मिसळून फेकावं, वरून बोटभरही माती नको, नुसता हात फिरवला की झालं. पहिलं पाणी झारीने द्यावं, नाहीतर सगळं बी वाहून एका कोपऱ्यात जमतं.